स्पिंडलचं पाणी एकाच स्विचवर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सीएनसी राउटरच्या (संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कापणाऱ्या मशीनच्या) स्पिंडलला, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरला, थंड ठेवण्यासाठी पाणी कसं द्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बादलीत कुलरचा पंप सोडायचा, त्याची पिन व्हीएफडीच्याच (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हच्या) बोर्डात लावायची, एका स्विचवर दोन्ही चालू-बंद. तुमच्याकडे दोन वर्षांत काही बिघडलेलं नाही. फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते पाहणारा), रिले (विजेने चालणारा स्विच), टायमर हा नवख्यांना घाबरवणारा, खर्चात पाडणारा पसारा. फारच वाटलं तर पंप एम८ वर (प्रोग्रॅममधून कूलंट, म्हणजे थंड करणारं पाणी, चालू करणाऱ्या कोडवर) टाकावा. आणि पाणी थांबलंच तर व्हीएफडी ओव्हरलोड दाखवून ट्रिप होईलच.

बादली आणि कुलरच्या पंपाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. २.२ किलोवॅटचा स्पिंडल लाकूड कापताना समजा ३०० वॅट उष्णता पाण्यात सोडतोय. मिनिटाला दोन लिटर पाणी फिरलं, तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो. मोठा पंप लागतच नाही. २० लिटरची बादली मात्र त्याच हिशेबाने तासाला सुमारे १३ अंश तापते. हवेत निघून जाणारी उष्णता धरली तर थोडी कमी. मे महिन्यात सलग काम असेल तर पाणी वाढवा किंवा रेडिएटर लावा, एवढंच.

ओव्हरलोडचा मुद्दा मात्र मला धोक्याचा वाटतो. व्हीएफडी करंट मोजतो, तापमान मोजत नाही. पाणी थांबलं तरी बिट तेवढंच लाकूड कापत असतं, करंट तेवढाच राहतो, डिस्प्लेवर आकडा हलत नाही. आत वाइंडिंगचं (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळ्यांचं) वार्निश आणि बेअरिंगमधलं ग्रीस तापत जातं, आणि व्हीएफडीला त्याचा पत्ताही नसतो. स्वस्त स्पिंडलमध्ये बहुधा थर्मिस्टरही (तापमान ओळखणारा सेन्सर) नसतो. म्हणजे ट्रिप होईल तेव्हा वाइंडिंग आधीच गेलेलं असेल.

वीज गेली तर एका स्विचवरचं दोन्ही बंद होतं, हे खरं. पण पाणी थांबायला वीजच जावी लागते असं थोडंच आहे? ड्रॅग चेनमध्ये (केबल आणि पाइप सांभाळणाऱ्या साखळीत) पाइप दुमडतो, पंपाच्या जाळीवर शेवाळ धरतं, इम्पेलरमध्ये (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्रात) भुसा अडकतो, बादलीतलं पाणी आटून पंप हवा ओढायला लागतो. या प्रत्येक वेळी स्विच चालूच असतो. म्हणून पंपाला वीज मिळते का, हे तपासून भागत नाही. पाणीच तपासावं लागतं, तेही स्पिंडलमधून परत येणाऱ्या पाइपवर, म्हणजे मधली गळतीसुद्धा सापडते.

एम८ बद्दल. ग्रबल १.१ या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये एम३० (प्रोग्रॅम संपल्याचा कोड) आला की स्पिंडल आणि कूलंट एकदमच बंद होतात. सेफ्टी डोअर उघडल्याचा सिग्नल आला तरी तेच. म्हणजे स्पिंडल सर्वांत गरम असताना नेमकं पाणी थांबतं. एकाच स्विचचीही हीच अडचण आहे. पंप व्हीएफडीच्या आधी चालू व्हावा आणि स्पिंडल थांबल्यावर पाचेक मिनिटं तरी फिरत राहावा; एक ऑफ-डिले टायमर हे काम करतो. पंपाची वायर व्हीएफडीच्या आउटपुटला मात्र कोणीही जोडू नका, तिथली वीज घरच्या ५० हर्ट्झची नसते.

आता सेन्सर. अनेक जण वायएफ-एस२०१ हा पाण्याचा प्रवाह मोजणारा सेन्सर लावतात. स्वस्त आहे, लिटरमागे सुमारे ४५० पल्स देतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटरला सेकंदाला १५. पण त्याची बारीक वायर स्पिंडलच्या केबलशेजारून नेली तर व्हीएफडीचा नॉइज तिच्यात शिरतो आणि पाणी थांबलेलं असतानाही कंट्रोलरला पल्स दिसू शकतात. खोटं आश्वासन देणारा सेन्सर नसलेलाच बरा. मी पॅडलचा साधा रीड (चुंबकाने चालणारा) फ्लो स्विच सुचवतो: पाणी वाहतंय तोवर कॉन्टॅक्ट जुळलेला, थांबलं की उघडा. वायर तुटली तरी उघडाच, म्हणजे मशीन थांबणारच.

हा कॉन्टॅक्ट थेट व्हीएफडीच्या रन टर्मिनलवर (स्पिंडल चालू करण्याचा सिग्नल घेणाऱ्या) सिरीजमध्ये टाकू नका. पाणी परत सुरू झालं की स्पिंडल आपोआप फिरायला लागेल, आणि तेव्हा तुमचा हात कोलेटवर (बिट धरणाऱ्या भागावर) असू शकतो. मध्ये एक रिले घ्या, त्याला होल्डिंग द्या (एकदा सुटला की आपोआप परत लागू नये अशी जोडणी) आणि रीसेटचं पुश बटण लावा. रिलेचा एक कॉन्टॅक्ट व्हीएफडीच्या रनला, दुसरा कंट्रोलरच्या फीड होल्डला (मशीनची हालचाल थांबवणाऱ्या इनपुटला). दुसरा विसरलात तर स्पिंडल थांबेल आणि गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारी चौकट) थांबलेलं बिट लाकडातून ओढत नेईल. हे सगळं मिळून जो खर्च येतो तो नव्या स्पिंडलपुढे किरकोळ आहे.

नवख्यांना घाबरवण्याचा माझा हेतू नाही, पण २३० व्होल्टचा पंप पाण्यात बुडवून ठेवतो तेव्हा अर्थिंगबद्दल बोलायलाच हवं. पंपाला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा ब्रेकर) द्या. व्हीएफडीबरोबर एकाच आरसीसीबीवर ठेवलात तर व्हीएफडीच्या फिल्टरमधून अर्थकडे झिरपणाऱ्या करंटमुळे ती सारखी पडते, आणि मग वैतागून लोक तिला बायपास करतात. स्पिंडलच्या चार पिनांच्या सॉकेटमधली चौथी पिन बऱ्याच स्पिंडलमध्ये आतून बॉडीला जोडलेलीच नसते. सप्लाय काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक त्या पिनेला, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूला लावा. बीप आला नाही तर बॉडीला वेगळी अर्थ वायर द्या.

जोडणी झाल्यावर बिट काढा, स्पिंडल १२,००० आरपीएमवर फिरवा आणि परतीचा पाइप हाताने दुमडून धरा. स्पिंडल थांबला पाहिजे, आणि पाइप सोडल्यावर रीसेट दाबेपर्यंत परत सुरू होता कामा नये. तुमचा पंप किती वॅटचा आणि पाइप किती मिलिमीटरचा ते कळवा, त्याला चालेल असा फ्लो स्विच मी सुचवतो.