खानापूरची सोनकी आणि जुनी लेबलं

तुमच्या लेखात म्हटलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या सोनकी या रानफुलाचे जुने हर्बेरियम नमुने, म्हणजे वाळवून लेबल लावून जपलेली रोपं, 'कर्नाटक' टाकून शोधले तर जवळजवळ मिळत नाहीत, म्हणजे ती इथे विरळच. हे पटत नाही. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि 'कर्नाटक' हे राज्याचं नाव तर १९७३ चं, मग जुन्या लेबलांवर ते कसं असेल? वनस्पतिशास्त्रज्ञ कुकच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या नोंदग्रंथात, आपला भाग 'एस. एम. कंट्री', म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, म्हणून येतो. त्या नावाने शोधलंत का?

शिवाय सोनकी फुलते पावसाळ्यात. कणकुंबीकडे जांभ्याच्या फटीफटीतून तिची पिवळी फुलं डोकावतात, पण तेव्हा वाटा निसरड्या, जळवा पायांना चिकटलेल्या. नमुना गोळा करायला अशा दिवसांत कोण जाणार? नोंद नाही म्हणून झाड नाही, असं कृपया लिहू नका.