‘जितका उजेड तितकी वाढ’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला

‘घरातली झाडं फुलवण्याची पाच वैज्ञानिक सूत्रं’ नावाचा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर धुमाकूळ घालतोय. सूत्रं अशी: कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की उजेड दुप्पट केला की झाड दुप्पट वाढतं, तोच प्रयोग घरी करा. दिवा चोवीस तास चालू ठेवावा. घरातला कुठलाही बल्ब चालतो. जांभळा दिवा सर्वांत उत्तम, कारण पांढऱ्यातला हिरवा भाग वाया जातो. आणि पाण्याच्या फिल्टरमध्ये असते ती यूव्ही (अतिनील किरणांची) ट्यूब कुंडीवर लावली की कीड मरते, शिवाय तुळशीचा वास वाढतो. असले मेसेज मी न वाचता पुढे ढकलते. पण गिरगावातल्या माझ्या मावशीने हा अमलात आणला, म्हणून लिहायला बसले.

सुरुवात शेवटच्या सूत्रापासूनच करते, कारण बाकीच्यांनी फार तर झाड मरेल.

मावशीने शेजारच्या मुलाकरवी लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून ट्यूब आणवली, ओट्यावरच्या फळीला अडकवली, खाली तुळस आणि पुदिन्याची कुंडी. उजेड मंद निळसर, म्हणजे सौम्यच असणार हा तिचा हिशेब. त्या उजेडात तिने संध्याकाळी मेथी निवडली. मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं आणि सकाळी डोळे उघडेनात. काळी काच न लावता वेल्डिंग करणाऱ्याला होतं तेच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, बरी आहे आता. पण पोरांच्या खोलीत कुणी ही ट्यूब लावली असेल तर?

त्या निळसरपणावर जाऊ नका. दिसतो तो उजेड नगण्य असतो. खरं काम करतात ते २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरलांबीचे किरण, आणि ते डोळ्यांना दिसतच नाहीत. याला यूव्ही-सी म्हणतात. सूर्यातूनही ते निघतात, पण वरचं वातावरण ते जमिनीपर्यंत पोचूच देत नाही, त्यामुळे त्यांच्यापासून वाचायची सोय ना आपल्या कातडीत आहे ना तुळशीच्या पानात. जंतू मरतात ते त्यांचा डीएनए मोडतो म्हणून, आणि डीएनए पानातही असतो. फिल्टरमध्ये ही ट्यूब बंद नळकांड्यात ठेवतात ती उगाच नाही. २०२०मध्ये लोक अशा दिव्यांखाली हात धरायला लागले, तेव्हा ‘हे करू नका’ असं जागतिक आरोग्य संघटनेला सांगावं लागलं होतं. मावशीच्या पुदिन्याची वरची पानं तांबूस करपली. कीड मेली की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

आता ते कॅनडातले शास्त्रज्ञ. अभ्यास खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करते. ग्वेल्फ विद्यापीठातला, २०२१मध्ये ‘फ्रंटियर्स इन प्लांट सायन्स’मध्ये आलेला. फॉरवर्डवाल्याने गाळलं ते फक्त झाडाचं नाव. झाड होतं गांजाचं! कॅनडात २०१८पासून तो कायदेशीर आहे, दिव्यांखाली त्याची मोठी शेती चालते, म्हणून कुणीतरी नीट मोजमाप केलं. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली परवान्याशिवाय एक रोप लावलं तरी गुन्हा आहे, तेव्हा ‘तोच प्रयोग घरी करा’ हा सल्ला कुणाला देताय याचा जरा विचार करा.

आणि प्रयोगात निघालं काय? उजेड १२०पासून १८०० मायक्रोमोलपर्यंत वाढवत नेला (मायक्रोमोल हे झाडाला मिळणारा उजेड मोजायचं एकक; भर दुपारचं ऊन साधारण २००० असतं), तसं फुलांचं उत्पादन वाढत गेलं. इतपत फॉरवर्ड खरा. पण उजेड १५ पट झाला तेव्हा उत्पादन साडेचार पट झालं. दुप्पटीला दुप्पट कुठे आहे यात? एकेका पानाचं अन्न तयार करणं तर १८००च्या बरंच आधी वाढायचं थांबलं होतं. फुलांमधल्या नशेच्या द्रव्याचं प्रमाण जास्त उजेडाने वाढलं नाही. यूव्हीने हे द्रव्य वाढतं अशी गांजा पिकवणाऱ्यांत जुनी समजूत आहे. ‘तुळशीचा वास वाढतो’ हे बहुधा तिथूनच उचललेलं. ग्वेल्फच्याच लोकांनी त्याच वर्षी तेही तपासलं, यूव्ही-बी (यूव्ही-सीहून थोडे सौम्य अतिनील किरण) वापरून. ना उत्पादन वाढलं, ना द्रव्य.

शिवाय गांजा हे उन्हाला हपापलेलं झाड. मनी प्लँट किंवा स्नेक प्लँटवर तेवढा उजेड मारला तर पानं पांढरी पडून भाजतील. उन्हात ठेवलेला मनी प्लँट ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायला नको.

‘कुठलाही बल्ब चालतो’ यात फसवणूक आपल्याच डोळ्यांची आहे. डोळा उजेडाला सरावतो, झाड सरावत नाही. नऊ वॅटचा एलईडी बल्ब एक मीटरवर जेमतेम शे-दीडशे लक्स देतो (लक्स म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड मोजायचं एकक). उघड्यावरचं ऊन लाखभर लक्स. त्यात अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे छतावरचा बल्ब जमिनीवरच्या कुंडीसाठी असून नसल्यासारखा. फोनवर लक्स मोजायचं अ‍ॅप घ्या आणि खिडकीच्या ग्रिलपासून सोफ्यापर्यंत चालत जा. समोर टॉवर उभा असेल तर चार पावलांत आकडा हजारांवरून शेकड्यावर येतो.

चोवीस तास दिवा? टोमॅटोची पानं अखंड उजेडात पिवळी पडतात, हे फार जुनं निरीक्षण आहे. ज्या गांजाच्या नावावर हे सगळं खपवलंय, त्याला तर फुलायला रोज बारा तास अंधार देतात.

जांभळ्या दिव्याने झाड वाढतं, खोटं नाही. पण हिरवा प्रकाश वाया जात नाही, पानं तोही बऱ्यापैकी वापरतात, आणि जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही.

मावशीच्या तुळशीचं दुखणं पावसाळ्यातल्या बहुतेक मुंबईकर तुळशींचंच होतं: माती सतत ओली आणि आभाळ भरलेलं. कुंडी ग्रिलवर सरकवली, पाणी कमी केलं. दिवा लावायचाच तर साधी पांढरी एलईडी ट्यूब, शेंड्यापासून वीतभर वर, दिवसाचे बारा-चौदा तास. लोहार चाळीतली ती यूव्ही ट्यूब दुकानदाराने परत घेतली नाही.