सुनावणीसाठी बेपत्ता, वसुलीसाठी हजर

गेल्या महिन्यात पगारातून मोठी रक्कम कापलेली दिसली, म्हणून लेखा विभागात चौकशी केली, तर तेथील कारकुनाने न्यायालयाचे पत्र पुढे केले. माझ्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे माझ्या गैरहजेरीत न्यायालयाचा निकाल, झालेला आहे, त्याच्या वसुलीसाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल आहे आणि त्यात पगारजप्तीचा आदेश निघाला आहे, ही गोष्ट मला माझ्याच कचेरीतल्या माणसाकडून, आजूबाजूला चौघे कान टवकारून बसलेले असताना कळावी, याचा संताप अजून ओसरलेला नाही.

एका जुन्या सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीनदार राहिलो होतो, हा मूर्खपणा माझाच, आणि तो मी नाकारत नाही. परंतु दाव्यात माझा पत्ता म्हणून लिहिली होती २०१४ साली सोडलेली भाड्याची खोली. समन्स बजावणारा न्यायालयाचा बेलीफ तिथे गेला, ‘घर बंद’ असा शेरा मारून परतला, मग समन्स त्या परक्या दारावर डकवले गेले आणि शेवटी एका वृत्तपत्रात जाहीर नोटीस छापली गेली, ज्याचे नावही मी कधी ऐकले नव्हते. माझे म्हणणे ऐकायचे होते तेव्हा मी कोणालाच सापडलो नाही. पैसे वसूल करायची वेळ येताच मात्र माझी कचेरी आणि माझा पगार सगळे बिनचूक सापडले. हुकूमनामा होऊन दोन वर्षे उलटली असती, तर दरखास्तीची नोटीस तरी आधी मला काढावी लागली असती. वादीने तेवढीही सवड दिली नाही.

हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यायचा असतो. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर ही मुदत हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात आणि वृत्तपत्रातली नोटीस म्हणजे रीतसर बजावणी नव्हे, असे मुदतीचा कायदाच म्हणतो, हा त्यातल्या त्यात दिलासा. त्या ३० दिवसांतले ११ दिवस नुसती हुकूमनाम्याची नक्कल मिळवण्यात गेले, हे वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न असा पडला, की असे आणखी किती हुकूमनामे माझ्या नावावर कुठे कुठे पडून असतील? ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयातील प्रकरणांची माहिती देणाऱ्या, संकेतस्थळावर पाहा, असे जो तो सांगतो. तिथे आधी राज्य, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडायचे, पक्षकाराचे नाव आणि दावा नोंदवल्याचे वर्ष भरायचे आणि कॅप्चा सोडवायचा. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा अक्षरे आणि अंक मिळून १६ चिन्हांचा सीएनआर क्रमांक हाताशी असेल तर काम सोपे होते म्हणे. पण ज्याला दावाच ठाऊक नाही, त्याने तो क्रमांक आणायचा कोठून? माझे आडनाव चव्हाण, आणि इंग्रजीत ते लिहिण्याच्या निदान चार तऱ्हा आहेत. नोकरीनिमित्त मी सातारा, बारामती आणि पुणे येथे राहिलो आहे. तीन ठिकाणे, दहा वर्षे आणि चार स्पेलिंगे, म्हणजे कमीत कमी १२० वेळा तेच सोपस्कार, तेही वादीने चौथ्याच तालुक्यात दावा लावलेला नाही असे गृहीत धरून. एवढे करून जी यादी येते तिच्यात नुसती नावे. वडिलांचे नाव नाही, पत्ता नाही. बारामतीच्या यादीतला माझा नामबंधू मीच आहे की दुसरा कोणी, हे ठरवायला प्रत्येक प्रकरण उघडून बसावे लागते. वाहतुकीचा दंड झाला तर मोबाईलवर संदेश येतो, पण दिवाणी दावा लागला तर एक ओळ येत नाही!

सहकारी पतसंस्थांचे प्रकरण तर आणखी निराळे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कार्यालयातून निघतो, न्यायालयातून नव्हे, त्यामुळे तो या संकेतस्थळावर शोधून सापडणार नाही. एका नातेवाइकाच्या पतसंस्थेतील कर्जालाही मी जामीन आहे, म्हणून सोमवारी बिनपगारी रजा टाकून त्या कार्यालयात गेलो आणि माझ्या नावावर दाखला निघाला आहे का, असे विचारले. टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर न करता दाखल्याचा क्रमांक मागितला.