प्रायमर छान बसलाय, रंग कधी?

मे महिन्याची अख्खी सुट्टी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात पुट्टी खात घालवली, आणि पदरात काय पडलं? "मास्तर, प्रायमर छान बसलाय. रंग कधी?"

संस्थेचे अण्णा भिंतीवर टिचकी मारत होते, कलिंगड पारखावं तसे.

"हाच रंग आहे, अण्णा."

"हा?"

"हो. दोन हात झालेत."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भिंत राखाडीच.

"अहो, पोरांना प्रेरणा मिळायला हवी. इथे बसलं की एक्सरे काढायला आल्यासारखं वाटतंय."

मी समजावायला गेलो, तिथेच चुकलो. भिंत रंगीत असली की खिडकीतला उजेड तिच्यावर आपटून तोच रंग घेऊन कागदावर उतरतो. मग मूल पांढरा रुमाल काढायला बसतं आणि त्याला पांढरा दिसतच नाही. म्हणून राखाडी, तोही निळ्या-पिवळ्या झाकेचा नको. ट्यूबही त्याच हिशेबाने आणल्या, ४००० केल्विनच्या (उजेडाची झाक सांगणारा आकडा), सीआरआय (रंग कितपत खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वरच्या. नेहमीची ६५०० वाली निळसर असते आणि स्वस्तातल्या ट्यूबखाली लाल रंग मेल्यासारखा दिसतो. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आमच्या सोसायटीचा जिना रंगवला ना, त्यातला पिस्ता चार लिटर उरलाय. फुकट."

संस्थेच्या मीटिंगमध्ये 'फुकट' म्हटलं की पुढे मुद्दे मांडायचे नसतात.

"आणि एक मोर काढा."

"मोर कशाला?"

"मोर कुठेही चालतो. नाहीतर वारली लावा, स्टिकर मिळतो जांभळी नाक्याला."

ठाण्यात बसून वारलीचा स्टिकर! पालघर २०१४ साली वेगळा होईपर्यंत वारल्यांचा तो सगळा पट्टा आपल्याच जिल्ह्यात होता. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच सामान. त्यावर जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. हे मी बोललो नाही. पिस्ता आधीच मंजूर झाला होता.

एका गोष्टीवर मात्र अडून बसलो, ते म्हणजे ओल. बाहेरची भेग बुजवल्याशिवाय आतून कितीही महागाचा रंग फासा, गणपतीपर्यंत पोपडे धरतात. भिंतीवर पांढरी पूड दिसली की सगळे 'बुरशी' म्हणतात. बहुतेकदा ते पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार असतात. ब्रशने कोरडे झाडायचे, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग पुट्टी. सॉफ्टबोर्डही भिंतीला चिकटवायचा नाही. मागे इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे हवा खेळते. नाहीतर पावसाळ्यात तो पापडासारखा फुगतो. आणि लावायचा पाचवीच्या पोरांच्या डोळ्यांसमोर, पाहुण्यांच्या नाही.

बेसिनचं दुःख वेगळंच. पोस्टर कलरचं पाणी बिचारं निमूट जातं. शाडू जात नाही. तो खालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकड्या पाइपात, बसतो आणि दगड होतो. म्हणून दोन बादल्या: हात आधी पहिलीत, मग दुसरीत, शेवटी नळाखाली. तळाचा गाळ वाळवून परत मळायचा. यातली एक बादली आठवड्यात फरशी पुसायला गेली, ती गेलीच.

प्रेरणेचंही खरं सांगू? पालकांची प्रेरणा म्हणजे इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या ए ग्रेडचे दहावीत मिळणारे ७ गुण. राखाडी असो की पिस्ता, त्यांना भिंत दिसत नाही. मधल्या सुट्टीत स्थिरचित्रातली केळी खाणाऱ्यांची प्रेरणा तर त्याहून सरळ.

जूनमध्ये वर्ग भरला. पिस्ता भिंतीवर मोर, त्याच्या पिसाऱ्यात स्विचबोर्ड. टेबलावर स्टीलचा तांब्या आणि पांढरा रुमाल मांडला, पंखा बंद केला (चालू ठेवला तर रुमालाची घडी दर मिनिटाला बदलते) आणि पोरांना म्हटलं, दिसतं तसंच काढा. पोरं गुणी. तांब्याच्या पोटावर हिरवा पट्टा, रुमालाच्या सावलीत हिरवट छटा, एकाने तर तांब्यात वाकडा झालेला मोरसुद्धा पकडला.

चित्रं बोर्डावर लावली. अण्णा आले, वाकून एकेक बघू लागले.

"मास्तर, तांब्याला शेवाळ का हो धरलंय? जरा बघायला शिकवा पोरांना."