संयम फक्त ताटापुरता नको

नाताळच्या सुट्टीत खाण्याला आणि खर्चाला आवर घाला, असं सांगणारा तुमचा लेख वाचला, म्हणणं पटलं. पण संयमाची खरी कसोटी लागते जिभेवर, आणि तीही बोलताना! वर्षभराने नातेवाईक एकत्र जमतात, जुनी भांडणं उकरली जातात, कुणाच्या तरी नोकरी-लग्नावर टोमणे सुरू होतात. बायबलच्या नव्या करारात याकोबाने आपल्या पत्राचा तिसरा अध्याय जवळजवळ याच विषयाला दिलाय, त्याचा उल्लेख लेखात हवा होता.

दुसरं, पूर्वीच्या मंडळीत (चर्चमध्ये) आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे काही आठवडे, हा उपासाचा असे आणि सण २५ डिसेंबरला सुरू होऊन बारा दिवस चाले. पूर्वेकडच्या परंपरेतल्या अनेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही सणाआधी ४० दिवस उपास पाळतात. आपण उलटंच करतो. डिसेंबरभर खातो आणि २६ तारखेला कंटाळतो. वाट पाहिली की आभार आपोआप मनातून येतात, असं मला वाटतं.

मात्र संयमाच्या नावाखाली तोंड पाडून बसणारेही नकोत. प्रभू येशू स्वतः काना नावाच्या गावी लग्नाला गेला होता, आणि लोकांनी तर त्यालाच खादाड म्हटलं (मत्तय ११:१९).