जावईबापू, हा उलटा बांधलात!

आमच्या मामेसासऱ्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकलाय. खाली एकच ओळ: 'जावईबापूंचा झिंगा. उलटा.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग, आणि त्यात माझी सख्खी आईसुद्धा.

तो झिंगा नाही, क्रेफिश आहे. शेवंडीचं गोड्या पाण्यातलं धाकटं भावंड. आणि तो उलटाच बांधायचा असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीत स्मॉलमाउथ बास हा मासा पकडायचा, तर पिसं, केस आणि दोरा यांचा नकली क्रेफिश गळावर बांधणं हा राजमार्ग. याच नदीवर मासे पकडणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी बांधलेला क्रेफिश तर प्रसिद्धच आहे. हे मी मामांना सांगितलं. मामा बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "पेन्शन असेल ना त्यांना?"

मग खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर सरकवून ते माझ्या वाईसशेजारी, म्हणजे गळ घट्ट धरणाऱ्या शिकंज्याशेजारी, बसले. वाईसमध्ये 6 नंबरचा लांब दांडीचा गळ, त्यावर गंजाच्या रंगाचा 140 डेनिअर जाडीचा दोरा.

"डोळे नेढ्याला लावलेत."

"ते डोळे नाहीत मामा, वजन आहे. दिसायला डंबेल."

"म्हणजे डोळे नाहीत?"

"डोळे तिकडे, गळाच्या वळणाकडे. नेढ्याकडे शेपटी."

"म्हणजे दोरी शेपटीला?"

"घाबरला की क्रेफिश शेपटी पोटाखाली झटकून मागे पळतो. आपण दोरी ओढली की शेपटी पुढे यायला हवी."

मामांनी आतापर्यंत सापडलेली त्रुटी मनात नोंदवली. तेवढ्यात मी वाईस सैल करून गळ वरचा खाली केला. मामा खुर्चीतून अर्धे उठले. "आता हे काय?"

इथे माझं डोकं फिरतं, कारण सगळी गंमत इथेच आहे. डंबेल दांडीच्या वरच्या अंगाला, नेढ्याच्या जरा मागे, दोऱ्याच्या इंग्रजी आठसारख्या वेढ्यांनी बांधलं आणि वर गोंदाचा थेंब दिला, की पाण्यात गळ पलटी खातो आणि टोक वर राहतं. दगडात कमी अडकतं. म्हणजे क्रेफिशची पाठ टोकाच्या बाजूला येणार. हे विसरून पाठीची पट्टी नेहमीच्या जागी बांधली, की क्रेफिश पोट वर करून तरंगत येतो, मेल्यासारखा. वजन शेपटीकडे असल्याने तळाला टेकल्यावर नांग्या वर उचलल्या जातात. खरा क्रेफिश बासवर उगारतो तशाच.

"नांग्या फारच किरकोळ," मामा म्हणाले. त्यांनी खेकड्याच्या नांग्या पाहिल्यात, रश्शात. अहो, बासला मोठ्या नांग्यांचा क्रेफिश नकोच असतो; चावणारं जेवण कोणाला आवडतं? शिवाय ताठ पिसांच्या रुंद नांग्या फेकताना पंख्यासारख्या फिरतात आणि दोरीला पीळ पडतो. म्हणून सशाच्या कातडीच्या 3 मिमी रुंद पट्ट्या, प्रत्येकी दोनेक सेंमी. त्याहून लांब ठेवल्या तर गळाच्या वळणाला गुंडाळतात. दोन्हींच्या मधे दोऱ्यावर वळलेल्या केसांची वाटाण्याएवढी गाठ द्यायची, म्हणजे नांग्या फाकून राहतात. नाहीतर नमस्कार करत बसतात.

"आणि रंग लाल हवा."

लाल! लाल तो शिजल्यावर होतो. जिवंतपणी त्याचं लाल रंगद्रव्य प्रथिनात बांधलेलं असतं, उष्णतेने ते सुटतं. नदीतला शेवाळी-तपकिरी असतो. या नदीत ओहायो खोऱ्यातून घुसलेल्या रस्टी क्रेफिशच्या कुशींवर गंजाचे दोन ठिपके असतात, ते मार्करने काढता येतात. मामांनी ताटातली शेवंड बघितलेली, आणि तेवढ्या भांडवलावर मला शिकवणी. आमच्यात ज्याला विषय कळत नाही त्याचं मत आधी घेतात, हा जुना रोग आहे.

बाकी काम झटपट. शेनीलचं, म्हणजे मऊ लवदार दोऱ्याचं, अंग, त्यावरून कोंबड्याच्या पिसाचे विरळ वेढे, पाठीवर प्लास्टिकची पातळ पट्टी, वरून तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढे म्हणजे शेपटीची वलयं. पट्टी नेढ्यापुढे 5 मिमी सोडून पंख्यासारखी कापायची. फक्त नेढ्यामागे 2 मिमी जागा मोकळी ठेवा. तिथे दोरा साचला की नदीवर गार बोटांनी दोरी ओवताना शिव्याच सुचतात. शेवटी चिमट्याने गळाचा उलटा दात दाबून सपाट करायचा.

"हा कशाला मोडला?"

"मासा पटकन सुटावा म्हणून. सोडून देतो ना आम्ही."

मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आत वळून आमच्या बायकोला हाक मारली, "अगं, यांचा पगार तू तुझ्याकडे ठेवतेस ना?"