किमान २३

"मी नापास झालोय म्हणे," मामा फोनवर म्हणाले. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, एकदम निकाल.

गोळ्यांची आठवण करून देणारं एक छोटंसं ॲप मी तीन वर्षांपूर्वी आईसाठी केलं होतं. आता दोन-अडीचशे लोक ते वापरतात आणि त्यात सगळ्यात निष्ठावंत मामा. गेल्या आठवड्यात मी नवीन आवृत्ती चढवली. मामांनी नेमकं त्याच दिवशी 'फोन जड झालाय' म्हणून ॲप काढून टाकलं आणि संध्याकाळी पुन्हा घ्यायला गेले. स्टोअरने सांगितलं, तुमचं डिव्हाइस या आवृत्तीशी सुसंगत नाही.

मामांची उभी नोकरी आस्थापना शाखेत गेली. अर्जावर लाल शाईने 'अपात्र' लिहिण्यात हयात काढलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच अपात्र ठरवलं होतं, आणि ते भाचीने.

"सुसंगत नाही म्हणजे कोण कोणाशी? माझा फोन तुझ्या ॲपशी, की तुझं ॲप माझ्या फोनशी?"

"मामा, एकच आहे ते."

"एकच कसं? पहिल्यात दोष माझा, दुसऱ्यात तुझा. बरं, पात्रतेची अट काय?"

"किमान २३."

"आणि माझे किती?"

"बावीस."

पलीकडे शांतता. मग हळूच, "एका मार्काने?"

"मार्क नाहीत हो ते. एपीआय लेव्हल म्हणतात. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला दिलेला क्रमांक."

"फोनवर तर अँड्रॉइड ५.१ लिहिलंय. भिंग लावून वाचलं मी."

"५.१ म्हणजेच २२."

"आणि ५.०?"

"२१."

"म्हणजे ४.४ ला २०."

"नाही, १९."

"मग २० कुठे गेला?"

"तो घड्याळांना दिला."

"घड्याळांना," मामा म्हणाले. समोर फाइल असती तर त्यांनी समासात फुली मारली असती. पण हे खरं आहे. ४.४ ची मनगटी घड्याळांसाठी जी आवृत्ती निघाली तिला २० क्रमांक मिळाला. हे मी आजवर कोणाला सरळ चेहऱ्याने सांगू शकलेले नाही.

"या ५.१ ला नाव असेल ना काही?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "लॉलीपॉप," मी म्हणाले.

"अस्सं. म्हणजे तेव्हा लॉलीपॉप देऊन गप्प बसवलं, आणि आता ते लॉलीपॉपही चालत नाही म्हणता."

स्पीकर चालू होता हे मला मागून मामींचं हसू ऐकू आलं तेव्हा कळलं. मामांची दोन्ही नातवंडंही तिथेच होती. एक म्हणालं, "आत्याला कोडिंग येत नाही का?" हे मी अजून विसरलेले नाही.

तर माझी बाजू. ॲप बांधताना तीन आकडे सांगावे लागतात. 'कम्पाइल' म्हणजे कोणता शब्दकोश उघडून लिहिताय. 'मिन' म्हणजे सगळ्यात जुन्या कोणत्या फोनला दारातून आत घ्याल. आणि 'टार्गेट' म्हणजे प्रतिज्ञापत्र, की मी इथपर्यंतचे सगळे नियम वाचले आहेत, मला खुशाल त्यांनीच वागवा. मिन आपल्या मनावर असतं असं पुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात ते तुम्ही ओढून आणलेल्या लायब्रऱ्यांच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या, मनावर असतं.

माझं मिन २१ होतं, म्हणजे मामा आरामात आत. मग मला गोळ्या किती नियमित घेतल्या याचा आलेख दाखवायची हुक्की आली. रंगीत, गोलाकार. कोणीही मागितला नव्हता. त्यासाठी घेतलेली लायब्ररी म्हणाली, मला किमान २३ लागतं, तुझे २१ चालणार नाहीत. बिल्ड, म्हणजे ॲपची बांधणी, अडलं. त्या लाल मजकुराखाली तीन सल्लेही होते. मिन वाढवा, नाहीतर लायब्ररीची जुनी आवृत्ती घ्या, नाहीतर जबरदस्तीने दडपून न्या, पण मग चालताना ॲप कोसळू शकेल. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मी एकाच्या जागी तीन केला. एक अंक. बिल्ड हिरवं झालं, मी झोपले. त्या एका अंकासरशी मामा बाहेर राहिले आणि आलेख आत आला.

मामांचा फोन २०१५चा आहे. त्यांना अपडेट मिळालं ते एकदाच, ५.० वरून ५.१. त्यानंतर बनवणाऱ्यांनी त्याचं नाव टाकलं. यंत्र ठणठणीत आहे. हँग झाला की मामा नखाने मागचं झाकण उचकटतात, बॅटरी बाहेर काढतात, तिच्यावर एक फुंकर मारतात, धोतराच्या सोग्याने पितळी टोकं पुसतात आणि परत बसवतात. "तुझ्या फोनची बॅटरी काढून दाखव," असं आव्हान ते मला प्रत्येक भेटीत देतात. मी काढू शकत नाही. कोणालाच काढता येत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त डाचतंय ते वेगळंच. माझं ॲप सगळ्यात चोख चालतं ते मामांच्याच फोनवर. नऊची गोळी म्हटली की नऊला वाजणार. कारण पडून राहिलेल्या फोनला झोपवणारी 'डोझ' नावाची भानगड आली ती ६.० मध्ये, म्हणजे बरोबर तेविसात. तिथून पुढे गोळीचा डोस आणि फोनची डोझ यांची माझ्या डोक्यावर कुस्ती सुरू झाली. अँड्रॉइड १२ मध्ये नेमक्या वेळेच्या अलार्मसाठी वेगळी परवानगी आली. १३ मध्ये नोटिफिकेशन दाखवायलाच आधी विचारावं लागू लागलं. १४ मध्ये ती अलार्मची परवानगी नव्याने घेतलेल्या ॲपला आपण होऊन मिळेनाशी झाली. बॅटरी वाचवणं, लोकांना सतत टुणटुणाटापासून सोडवणं, हे सगळं चांगल्या हेतूने झालं, मान्य आहे. पण मी तो टुणटुणाटच विकते ना! फुकट विकते, ते सोडा.

आणि अद्ययावत झाल्याचं बक्षीस काय? ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवीन आवृत्ती टाकायची तर टार्गेट ३५ हवं, म्हणजे अँड्रॉइड १५. मी केलं ३५. त्याबरोबर १५ च्या फोनवर ॲपचा पडदा आपोआप काठापासून काठापर्यंत पसरला आणि माझं 'गोळी घेतली' हे बटण फोनच्या खालच्या तीन बटणांच्या मागे जाऊन बसलं. दिसतं अर्धं, दाबलं की माणूस ॲपच्या बाहेर. म्हणजे जुन्या फोनवाल्याला ॲप मिळत नाही आणि नव्या फोनवाल्याला गोळी घेतली हे सांगता येत नाही. आलेख मात्र दोन्हीकडे सुंदर आहे. चुकले, एकीकडेच.

नवीन प्रोजेक्ट उघडताना मिन निवडलं की खाली एक वाक्य येतं, तुमचं ॲप अंदाजे इतक्या टक्के उपकरणांवर चालेल. नव्वदीच्या पुढचा आकडा असतो, बघून बरं वाटतं. उरलेल्यांत कोण आहे ते मात्र लिहिलेलं नसतं. जुना फोन वापरणारे बहुतेक म्हातारे असतात, आणि गोळ्या कोण घेतं? मी तरुणांसाठी नाच शिकवायचं ॲप केलेलं नाही. तरीही मी तो टक्का बघितला, मान डोलावली आणि 'पुढे' दाबलं.

रविवारी मामांकडे गेले. आलेख काढून टाकला होता, मिन परत २१, फाइल केबलने त्यांच्या फोनमध्ये घातली. पण स्टोअरबाहेरचं ॲप घ्यायचं तर सेटिंगमध्ये सुरक्षेखाली 'अज्ञात स्रोत' वर टिक करावी लागते. टिक करताच इशारा आला. मामांनी भिंग काढलं आणि तो मोठ्याने, ठासून वाचला. अज्ञात स्रोतांच्या ॲपमुळे फोनला आणि माहितीला धोका पोचू शकतो, नुकसानीला सर्वस्वी तुम्ही जबाबदार.

"यातला अज्ञात कोण?"

"मी."

"तुला सायकल मी शिकवली."

"हो मामा."

"आणि ॲप तुझं असून जबाबदार मी."

"हो."

त्यांनी भिंग घडी करून खिशात ठेवलं, मामींना साक्षीदार म्हणून बोलावलं आणि मगच 'ठीक आहे' दाबलं. ॲप बसलं. आम्ही रात्री नऊची गोळी लावली. चाचणीसाठी मीही माझ्या फोनवर तीच वेळ लावली. दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी.

ठोक्याला मामांचा फोन वाजला. टेबल थरथरलं. मामांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, 'गोळी घेतली' वर अंगठा दाबला. बटण जागेवर होतं.

माझा फोन शांत. दुपारी चाचण्यांच्या घाईत परवानगीच्या चौकटीवर मी 'नको' दाबलं होतं, ते आठवलं.

मामांनी माझ्या काळ्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "याचे किती म्हणालीस?"

"पस्तीस."

"पास आहे," मामा म्हणाले, आणि दिवा मालवायला उठले.